पुजलेली फोर्कलिफ्ट आणि मॉरिशसची चकली

दिवाळी तुमची असते. आमचा असतो सीझन.

तुम्ही नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून पाटावर बसता, तेव्हा आम्ही गोदामवाले नुकतेच माणसांत परत आलेले असतो. दाढी वाढलेली, घसा बसलेला, आणि कुठेही फोन वाजला की हात आपोआप खिशाकडे जातो, मग तो फोन टीव्हीवरच्या मालिकेत का वाजेना. एका वर्षी मी धनत्रयोदशीला घरी गेलो, तर बायकोने दार अर्धवट उघडून सांगितलं, "पार्सल तिथेच ठेवा." हे तिने मुद्दाम केलं की तिने मला खरोखर ओळखलं नाही, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

कळंबोलीच्या एका गोदामात मी मॅनेजर होतो. पनवेलला राहायचं आणि कळंबोलीला मरायचं, अशी माझी नोकरी. पाहुणेरावळ्यांना वाटायचं, गोदामाचा मॅनेजर म्हणजे चाव्यांचा जुडगा कमरेला लावून खुर्चीत पेंगणारा इसम. नंतर कंपनीने आमच्या पाटीवर 'लॉजिस्टिक्स' हा शब्द रंगवला आणि मग तर कुणालाच काही कळेना. म्हणून सोपं करून सांगतो. माल जिथे आहे तिथे तो कुणाला नको असतो, आणि जिथे हवा असतो तिथे तो नसतो. या दोन जागांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खातो, तो लॉजिस्टिक्स मॅनेजर.

आमची दिवाळी श्रावणात सुरू होते. तुम्ही नागाला दूध पाजत असता तेव्हा आमच्याकडे आकाशकंदिलांच्या पेट्या उतरत असतात. गणपती येतात तोवर गोदामात दिव्यांच्या माळा इतक्या साठलेल्या असतात, की त्या सगळ्या एकदम लावल्या तर मुंबईच्या विमानांना पनवेल हाच विमानतळ वाटेल. (आता तर तो झालाच आहे, पण हे त्याच्या आधीचं.) आणि पितृपक्ष संपला रे संपला की सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच सकाळी साक्षात्कार होतो की आपला माल अजून आलेला नाही.

पनवेलच्या बाजारातले एक शेठ होते. त्यांचा दिव्यांचा कंटेनर बोटीवर होता. ते तासातासाला फोन करायचे. कंटेनर कुठे आहे? मी म्हणायचो, समुद्रात. ते विचारायचे, समुद्रात कुठे? मी एकदा वैतागून सांगितलं की मध्यभागी. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग ड्रायव्हरला सांगा, साइड घे आणि पुढे काढ."

बंदराच्या रस्त्यावरची रांग हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. सीझनमध्ये ट्रेलरची रांग गव्हाणफाट्याच्याही मागे येते. त्या रांगेत मी एक लग्न जुळताना पाहिलं आहे. पुढच्या ट्रेलरवाल्याची बहीण, मागच्या ट्रेलरवाल्याचा भाचा. बोलणी झाली, देणंघेणं ठरलं, सुपारी फुटली, आणि तोवर रांग दोन ट्रेलर पुढे सरकली होती. खोटं वाटत असेल तर त्या जोडप्याच्या मुलाला विचारा. त्याचं नाव त्यांनी गव्हाण ठेवायचं म्हणून धरलं होतं, आईने ऐकलं नाही.

तर असे किस्से शंभर आहेत. पण मी खरोखर हात टेकले तो एकच दिवस. तो दसऱ्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी माझ्याविरुद्ध कट करून तीन धर्मांचे देव एकत्र आले होते, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

आधी माणसं सांगतो. चारच आहेत.

पहिला रफिकभाई. आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी सुळे असलेलं अवजड यंत्र. ते सुळे मालाच्या खाली सारायचे, माल उचलायचा आणि पाहिजे तिथे ठेवायचा. रफिकभाई मूळचे रोह्याकडचे, राहायला रोडपालीला. यंत्राच्या सुळ्यावर चहाचा कप ठेवून तो सांडू न देता माझ्या टेबलापर्यंत आणणारा माणूस. मशीनवर त्यांचा जीव असा, की तिला 'ही' म्हणायचे. सुरुवातीला मला वाटायचं घरच्यांबद्दल बोलतायत. "ही सकाळपासून घुरघुरतेय" म्हणाले तेव्हा मी त्यांना दोन दिवसांची रजा देऊन टाकली होती.

दुसरे आपटेकर. आमचे कागदपत्रांचे प्रमुख, माझ्याच वयाचे, पनवेलचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे निम्मे नातेवाईक परदेशी गेले, हे राहिले. का राहिलात असं विचारलं की म्हणायचे, तिकडे कस्टमचे फॉर्म हिब्रूत भरावे लागतील. त्यांच्या हातून गेलेला कागद परत आला असं कधी झालं नाही. शुक्रवारी सूर्य कलला की मात्र आपटेकर पेनाला टोपण लावायचे. मग जगबुडी आली तरी रविवारी.

तिसरी सुगंधाताई. मोऱ्याची कोळीण. उरणच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर तिने निम्मं आयुष्य मासळी विकली, आणि मासळी कमी झाली तशी कोळीवाड्यातल्या बायकांना घेऊन फराळाचा धंदा काढला. चकली, करंजी, शेव, चिवडा. तिचा आवाज भरतीच्या वेळीही पलीकडच्या बोटीवर पोचायचा. फोनवर बोलताना ती फोन का धरते, हे मला कधी समजलं नाही.

चौथा मी. माझं वर्णन बायकोने दारात केलेलंच आहे.

सुगंधाताईला त्या वर्षी मॉरिशसची ऑर्डर मिळाली होती. तिकडे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी मंडळी आहेत, त्यांच्यातल्या एका दुकानदाराने दिवाळीसाठी कंटेनर मागवला. अर्ध्यात पणत्या, कंदील आणि रांगोळी, अर्ध्यात मोऱ्याचा फराळ. दुकानदाराने स्वच्छ कळवलं होतं, दिवाळीच्या आत पोचला तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेईन, नंतर पोचला तर मला त्याचा उपयोग नाही. बरोबरच आहे त्याचं. भाऊबीज झाल्यावर चकलीला कोण विचारतो?

वाड्यात या गोष्टीची थट्टा झाली होती. फराळ काय बोटीने जातो का, असं पुरुष म्हणत. सुगंधाताईने भर धक्क्यावर सांगितलं होतं की जाईल, आणि माझ्या वाड्याच्या बायांच्या हातचा जाईल. बायकांनी त्या बोलण्यावर महिनाभर चुलीपुढे बसून काढला. आता जहाज चुकलं तर पुढचं जहाज दिवाळी उलटल्यावर पोचणार होतं.

आणि जहाज पकडायचं म्हणजे काय, तेही सांगतो. जहाज सुटायच्या बरंच आधी बंदराचं दार त्या जहाजाच्या मालासाठी बंद होतं. त्या वेळेला आम्ही कटऑफ म्हणतो. कटऑफच्या एक मिनिट नंतर तुम्ही आलात, तर समोर उभं असलेलं जहाज तुम्ही फक्त बघू शकता. आमचा कटऑफ दसऱ्याला, शनिवारी रात्री आठचा.

आपटेकरांनी शुक्रवारीच सगळे कागद पाठवून पेनाला टोपण लावलं होतं. कंटेनर भरून ट्रेलरवर चढलेला, ट्रेलर गोदामाच्या आत उभा. कस्टमची मंजुरी आली की निघायचं. मंजुरी शनिवारी दुपारी आली. मी खुशीत खाली उतरलो आणि पायरीवरच थांबलो.

गोदामाला मोठं फाटक एकच. आणि त्या फाटकाच्या बरोब्बर मधोमध, पूर्वेकडे तोंड करून, फोर्कलिफ्ट बसवलेली होती.

बसवलेली म्हणतो, उभी केलेली नाही. झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, दोन्ही सुळ्यांना हळदीकुंकवाची बोटं, समोर रांगोळी, फोडलेला नारळ, तेवती समई. इतकी सजलेली नवरी मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती. ती फाटकात, ट्रेलर तिच्या मागे, आणि मॉरिशस तिच्या पुढे.

सकाळची पूजा दर वर्षी आत मागच्या भिंतीशी व्हायची. त्या वर्षी तिथे मॉरिशसचा ट्रेलर उभा. म्हणून आमच्या हमालांनी डोकं चालवलं. फाटकात जागा मोकळी आहे, उजेड आहे, तोंड पूर्वेला येतंय, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दर्शन होतंय. ट्रेलर बाहेर कसा काढायचा, हे डोक्यात यायच्या आत आरती झाली होती.

मी रफिकभाईंना म्हटलं, दोन मिनिटं बाजूला घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी समईवर पापड भाजायला मागितला.

दसऱ्याला पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. करवत असो, कुदळ असो, लेथ मशीन असो. त्या दिवशी ते बसतं. मी म्हटलं, रफिकभाई, हा रिवाज आमचा, तुम्हाला काय त्याचं?

"साहेब," ते म्हणाले, "नारळ माझ्या हातानं फोडला. बावीस वर्षं मीच फोडतोय. वर्षभर तुम्ही म्हणता तेव्हा ही उचलते, एक दिवस बसते. आज हिला बसू द्या. मेहरबानी करा."

मग हमालांमध्ये वाद पेटला आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. कारण रिवाजाला दुसरी बाजू आहे. दसऱ्याला वाहनाचीही पूजा होते, पण वाहन पूजेनंतर चालवायचं असतं. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि एक फेरी मारायची. आमच्या ट्रेलरवाल्याने सकाळीच त्याचं लिंबू चिरडून घेतलं होतं. तेव्हा प्रश्न असा, की फोर्कलिफ्ट हे वाहन की हत्यार? चाकं आहेत म्हणून वाहन म्हणावं, तर ती रस्त्यावर जात नाही. सुळे आहेत म्हणून हत्यार म्हणावं, तर तिला स्टिअरिंग आहे. अर्धे हमाल या बाजूला, अर्धे त्या बाजूला. एरवी ओव्हरटाइमसाठीही ज्यांचं तोंड उघडत नाही, ते शास्त्रार्थ करत होते. रफिकभाई एकच शब्द बोलले, "हत्यार." आणि किल्ली नारळाशेजारी तबकात ठेवून बाजूला बसले.

तुम्ही म्हणाल, साहेब होता ना तुम्ही, हुकूम सोडायचा. सीझनच्या तोंडावर? त्या दिवशी हमाल रुसले असते, तर पुढचे पंधरा दिवस पनवेल ते पालघर सगळ्यांचे आकाशकंदील मी एकट्याने उचलले असते. आणि मला स्वतःला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही, तीही बायको मागे नसेल तरच.

तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन. गुरुग्रामला एक साहेब बसायचे, त्यांच्या पडद्यावर आमचा प्रत्येक ट्रेलर ठिपका होऊन दिसायचा. हा ठिपका का हलत नाही, त्यांनी हिंदीत विचारलं. मशीन बिघडली आहे का? मी म्हटलं नाही. ट्रॅफिक? नाही. पाऊस? नाही. मग प्रॉब्लेम कोणत्या प्रकारचा आहे? मी म्हटलं, धार्मिक. पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग ते म्हणाले, ॲपमध्ये असा पर्याय नाही, तुम्ही 'इतर' निवडा.

'इतर' निवडून मी शेजारच्या लोखंड बाजारात क्रेन शोधायला धावलो. फोर्कलिफ्ट उचलून बाजूला ठेवली की झालं. पण कळंबोलीत त्या दिवशी मी जी जी क्रेन पाहिली, ती ती हार घालून बसलेली. एका क्रेनवाल्याने तर मला लांबून येताना पाहून प्रसाद हातात ठेवला. दुसऱ्याने आपट्याची पानं दिली. सोनं घेऊन मी परत आलो, क्रेन काही मिळाली नाही.

मग माझ्या डोक्यात आपटेकर आले. आपटेकर तरुणपणी एका कारखान्यात होते, तिथे त्यांनी फोर्कलिफ्ट चालवलेली. ते पूजेला नव्हते, त्यांनी नारळ फोडलेला नव्हता, आरतीत टाळी वाजवलेली नव्हती. या प्रकरणात कळंबोली-पनवेल परिसरातला एकमेव निःपक्षपाती माणूस. मी रिक्षा केली आणि पनवेल गाठलं.

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आज ते दिवसभर सिनेगॉगमध्ये. मी तिथे गेलो. मी फाटकाशी बराच वेळ घुटमळलो, तेव्हा आपटेकर बाहेर आले. अंगात पांढरे स्वच्छ कपडे, ओठ सुकलेले. त्यांचा मोठा उपास होता, पाण्याचा थेंबही न घ्यायचा. वर्षभरातल्या चुकांची देवाकडे क्षमा मागायचा दिवस. त्यांच्याकडे त्याला जुन्या बोलीत दारफाळणीचा सण म्हणतात, दारं लावून घ्यायचा सण.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या लक्षात आलं की बोलता बोलता मी त्यांच्यासमोर मघाचा प्रसादाचा पेढा खातोय.

"अरे पाटकर," ते म्हणाले, "वर्षात आमचा एकच दिवस दार लावायचा. आणि तुला आजच फाटक उघडून हवंय."

त्यांना आज कुठलंच काम करायचं नव्हतं, किल्ली फिरवणं हेही काम, आणि गाडीत बसून कळंबोलीला येणंही नाही. उपास सुटणार आकाशात तारे दिसल्यावर. तारे दिसले की रिक्षा करून येतो, मशीन हलवतो, असं त्यांनी कबूल केलं. मी हिशेब केला. तारे दिसणार सातच्या सुमारास, ते येणार साडेसातला, आणि दसऱ्याच्या गर्दीत तिथून बंदर गाठायचं आठला. त्यापेक्षा मॉरिशसच इकडे ओढून आणणं सोपं होतं. जाता जाता मी त्यांना विचारलं, आपटेकर, तुम्हीच सांगा, वाहन की हत्यार? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, रस्त्याचा नंबर आहे का तिला? नाही. मग हत्यार. भुकेल्या पोटीही माणूस कागदावरच चालायचा.

परत आलो तर फाटकाशी टेम्पो उभा. सुगंधाताई आली होती, सोबत दहाबारा बायका, काष्टे घातलेल्या, डोक्यात अबोलीचे गजरे. ट्रेलर निघताना ओवाळायला म्हणून आल्या होत्या. त्यांना ट्रेलर दिसला नाही, फोर्कलिफ्ट दिसली. बायकांनी आधी तिलाच नमस्कार केला.

मी ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आता असा आवाज लावेल की पत्रे उडतील. ती टेम्पोच्या फळीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. तिचा आवाज बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"सायेब," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ह्या बायांना मी काय सांगू? त्यांचे हात बघा. तेलानं भाजलेत. मला धक्क्यावर जागा नाय उरायची."

रफिकभाई उठून आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, बहेन, माझ्यावर राग धरू नका. दुसऱ्या गोदामात एकाने दसऱ्याला पुजलेली मशीन सुरू केली होती, त्याच संध्याकाळी सुळा त्याच्या पायावर आला. मी ही सुरू करणार नाही. तुमच्यासाठी दुसरं काय सांगाल ते करतो.

सुगंधाताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. उठली. मशीनभोवती एक चक्कर मारली, बाजारात पापलेट बघावं तशी खालून वरून बघितली.

"सुरू नाय करावाची ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग नको करू. आमी नारळी पुनवेला होडी पुजतो, ती काय किनाऱ्याव ठेवाला? पुजतो न् त्याच दिशी पाण्यात ढकलतो. इंजान मागनं. पैले मानसाचे हात लागतात. तुजी ही होडी हाय असा समज."

रफिकभाई विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर वाहन आणि हत्यार यांच्यामधून तिसरा रस्ता निघताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. इंजिन लावायचं नाही, किल्ली फिरवायची नाही, माल उचलायचा नाही. म्हणजे काम नाहीच. देवाची पालखी हलते, रथ ओढतात, त्याला कुणी देवाला कामाला लावलं म्हणत नाही.

"होडी," ते अखेर म्हणाले. "होडी चालेल."

टेम्पोत होडीचा दोर होताच. त्यांच्या टेम्पोत तो असतोच, जसा तुमच्या गाडीत छत्री असते. रफिकभाईंनी समई स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवली, मशीनला हात जोडले, वर चढून हँडब्रेक सोडला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. हमाल मागून ढकलायला, बायका पुढून दोराला. आता ही मशीन वजनाला हत्तीएवढी. खोटं कशाला सांगू, दोन हत्तींएवढी. पहिल्या ओढीला ती तसूभर हलली नाही. सुगंधाताईचा आवाज तोवर परत आला होता. तिने जी हाक दिली, ती ऐकून रोडपालीच्या इमारतींतून लोक गॅलरीत आले असं मला नंतर कळलं.

"ओढा गो, वल्हं मोडला तुमचा?"

दुसऱ्या ओढीला ती हलली. रफिकभाई वर बसून स्टिअरिंगशी झटत होते, इंजिन बंद असल्यामुळे ते दगडासारखं झालेलं. रांगोळी मोडली, झेंडूच्या माळा डुलायला लागल्या. आरतीत टाळ्या वाजवल्या तेवढ्याच जोराने हमाल ओरडत होते. मीसुद्धा मागून हात लावला. माझ्या हाताने ती हलली असा माझा दावा नाही, पण मी हात काढल्यावर ती थांबली हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. अर्थात तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती.

फाटक मोकळं झालं. बायकांनी ट्रेलरला ओवाळलं, ताईने नारळ फोडला, आणि ट्रेलर निघाला. तेव्हा सूर्य बुडायला आला होता. ट्रेलरच्या पुढे बायकांचा टेम्पो, आणि टेम्पोत मागच्या फळीवर उभी सुगंधाताई.

बंदराच्या वाटेवर पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, ट्रेलरवाल्याने सांगितलं ते सांगतो. गव्हाणफाट्याला सगळं ठप्प होतं. ताई खाली उतरली आणि गाड्यांच्या मधून चालत पुढे गेली. कुणाला मामा म्हणाली, कुणाला मेल्या म्हणाली, एका मोटारवाल्याला त्याच्या गावाचं नाव विचारून त्याच्या आजीची ओळख काढली. दर्याने वाट द्यावी तशी गाड्यांनी दिली, असे ट्रेलरवाल्याचे शब्द. तो मूळचा बिहारचा, त्याने दर्या बंदरापुढे कधी पाहिलेला नाही, तेव्हा यात अतिशयोक्ती माझी नाही.

इकडे मी गोदामाच्या पायरीवर बसून होतो. रफिकभाईंनी भिंतीशी समई पुन्हा लावली होती. आठ वाजायला थोडा वेळ होता, फोन वाजत नव्हता. आयुष्यभर ज्या फोनला मी शिव्या घातल्या, तो वाजावा म्हणून मी त्याच्याकडे टक लावून बसलो होतो.

फाटकात रिक्षा थांबली. आपटेकर उतरले. पांढऱ्या कपड्यांत, उपाशी, तहानलेले, शब्द दिला म्हणून तारे दिसताच निघालेले. त्यांनी मोकळं फाटक पाहिलं, भिंतीशी बसलेली मशीन पाहिली.

"सुरू केली?"

"नाही," रफिकभाई म्हणाले.

"मग इथे कशी आली?"

"होडीसारखी."

आपटेकरांनी मशीनकडे एकदा पुन्हा पाहिलं. "होडीच्या कागदांचं खातं वेगळं असतं," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. तेवढ्यात फोन वाजला. कानाला लावायची गरज पडली नाही.

"घुसला गो बाय, घुसला." ताई कुणाशी बोलत होती कुणास ठाऊक. बहुतेक अख्ख्या वाड्याशी. मागे बायकांचा आरडाओरडा, आणि त्याच्याही मागे जहाजाचा भोंगा. भोंगा मी जास्तीचा घातला असेल. पण मला ऐकू आला.

ताईने ओवाळायच्या ताटात चकलीचं एक पाकीट ठेवलं होतं, ते इथेच राहिलं होतं. रफिकभाईंनी पाणी आणलं. आपटेकरांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, पाणी प्यायले आणि मॉरिशसच्या चकलीवर उपास सोडला. तिखट जास्त आहे, म्हणाले, आणि दुसरी घेतली.

फराळ दिवाळीच्या आत पोचला. दुकानदाराने फोटो पाठवला, त्याच्या दुकानात आमच्या कंदिलांखाली मोऱ्याच्या चकल्यांची रास. ताईने तो फोटो धक्क्यावरच्या प्रत्येक पुरुषाला स्वतः नेऊन दाखवला, ज्यांनी पाहिला त्यांनाही परत. आता दर वर्षी जातो तिचा कंटेनर. मी मात्र निवृत्त झालो. सीझनमध्ये माझा फोन वाजत नाही, आणि तरी हात खिशाकडे जातो.

गेल्या दसऱ्याला रफिकभाईंनी पूजेला बोलावलं. गेलो. फोर्कलिफ्ट आता शहाणपणाने मागच्या भिंतीशी बसवतात. माळा, टाळे, समई, सगळं जागच्या जागी. आणि सुळ्यांच्या पुढे, पाटावर, हळदीकुंकू लावलेला तो होडीचा दोर. ताईने तो गोदामाला ठेवून दिला होता, पुढेमागे लागला तर असावा म्हणून. रफिकभाई कौतुकाने म्हणाले, हाही आता आमचं हत्यार, हाही पुजतो.

मी विचारलं, म्हणजे आज याला हात लावायचा नाही?

"उद्या सकाळपर्यंत नाही," ते म्हणाले आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला.